हायब्रीडची सुपारी

मोठ्या गाड्या विकत घेणारी माणसं सातारा-सांगलीकडे किती सापडतील, हे बघायला मला पाठवलं होतं. पाठवलं पुण्यातल्या एका बाजार-पाहणी करणाऱ्या ऑफिसाने, आणि त्या ऑफिसाला काम दिलं होतं परदेशातल्या एका मोटार कंपनीने. नव्वदचं दशक संपत आलं होतं. परदेशी कंपन्यांना तेव्हा आपल्या देशात रोज नवी बाजारपेठ सापडत होती. फक्त इथे राहणाऱ्यांना ती दिसत नव्हती, म्हणून आमच्यासारख्यांना पगार मिळत असे.

आमच्या साहेबांचा तर्क सरळ होता. उसाचा पट्टा म्हणजे पैसा, पैसा म्हणजे मोठी गाडी. थंड खोलीत बसून नकाशा बघितला की सगळं असंच सरळ दिसतं.

ती गाडी तिकडे खपली असती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण गाडीच्या दारावर रंगवलेल्या एका शब्दावर एका मुलीचं लग्न, तिचं शिक्षण आणि तिच्या बापाचा विहिरीवरचा मळा असं सगळं टांगणीला लागलेलं मी पाहिलं. पाहणीच्या अहवालात ते मावलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

सातारा

बरोबर मल्होत्रा होते. कंपनीचे इंजिनियर, दिल्लीचे, पन्नाशीतले. गाडी चालवायचे तेच आणि गाडीवर प्रेम करायचेही तेच. गाडी पांढरी, अवाढव्य. पुढे पाच माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. पुढून बघावं तर जीप, मागून बघावं तर टेंपो. ही चालायची साध्या डिझेलवर. पण कंपनीच्या मनात हिच्या पुढची गाडी होती, थोडी इंजिनावर आणि थोडी बॅटरीवर पळणारी. तिला हायब्रीड म्हणतात, असं मल्होत्रा दर अर्ध्या तासाने सांगत. ती तूर्तास त्यांच्या बॅगेतल्या रंगीत चित्रांतच पळत होती.

साहेबांचा हुकूम होता की लोकांच्या मनात कुतूहल निर्माण करायचं. त्यासाठी साताऱ्यात गाडीच्या दोन्ही दारांवर ठळक अक्षरांत ‘येत आहे हायब्रीड’ असं रंगवून घ्यायचं. पोवई नाक्याच्या बाजूला एक पेंटर गाठला, मजकूर सांगितला, आणि आम्ही कंदी पेढे खायला गेलो. मल्होत्रांनी इतके खाल्ले की दुकानदाराने मला हळूच विचारलं, “पाव्हणं उपाशी व्हतं काय?”

परत येऊन बघतो तर दारावर भलंमोठं ‘हायब्रीड’ आणि त्याच्या शेजारी ज्वारीचं टपोरं कणीस. दाणा न् दाणा चमकत होता. ‘येत आहे’ मात्र कुठेच नव्हतं.

“अहो, हे काय?” मी विचारलं.

“कनसाला जागा लागली, ताई,” पेंटर ब्रश पुसत म्हणाला. “आन ‘येत आहे’ कशापायी? हायब्रीड तर कवाच आलंय.”

त्याचं तरी काय चुकलं? जन्मभर बियाण्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस तो. या मुलखात हायब्रीड म्हणजे संकरित ज्वारी. पोत्याने पिकते आणि चवीला भुसा लागते. भाकरीवर जगणाऱ्या माणसांनी तो शब्द पुढे सगळ्यालाच लावला. जे दिसायला थोराड आणि आतून पोकळ, ते हायब्रीड. वर्षात मोडलेली खुर्ची हायब्रीड, चार पावलांत दमलेला पोरगा हायब्रीड आणि हल्लीची सगळी पिढी तर हायब्रीडच. हे कुणीतरी कंपनीला आधी सांगायला हवं होतं. ते सांगायचं काम माझंच होतं म्हणा.

मल्होत्रांना कणीस फार आवडलं. “पर्यावरण का निशान है ना?” ते म्हणाले. मी हो म्हटलं. परत रंगवून घ्यायला वेळ नव्हता.

उंब्रज

उंब्रजला महामार्गाच्या कडेला वडापवाले उभे असतात. वडाप म्हणजे सीटं भरल्याशिवाय न हलणारी जीप, आणि सीटं भरली असं तिकडे कुणी कधी म्हटल्याचं ऐकिवात नाही. मोठ्या गाडीचं गिऱ्हाईक याहून चांगलं कुठे मिळणार, म्हणून आम्ही तिथे थांबलो.

प्रश्न मी विचारत होते, मराठीत. उत्तरं सगळे मल्होत्रांना देत होते, तीही मराठीत. मल्होत्रांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ते पुरुष होते आणि गाडीची किल्ली त्यांच्या हातात होती. पुण्यात निदान दार उघडून “नको” तरी मला सांगतात.

“किती मान्सं बसत्यात?” एका मिशाळ ड्रायव्हरने मल्होत्रांना विचारलं.

“पुढे पाच, आरामात,” मी म्हणाले.

“पाच?” तो मल्होत्रांकडे बघूनच हसला. “सायेब, पाच तर आमच्या दाराला लोंबकळत्यात. आरामात.”

मग मी कंपनीचं मुख्य अस्त्र काढलं. पुढची गाडी थोडी विजेवर चालेल, डिझेल वाचेल. यावर मात्र सगळे गंभीर झाले. एक म्हातारा पुढे आला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला.

“ताई, आमच्याकडं लाईट कवा येती, ठावं हाय का? रातच्याला दोनला. येती तवा उसाला पानी पाजायचं, का गाडीला लाईट पाजायची?”

मी मल्होत्रांची रंगीत चित्रं परत बॅगेत ठेवली. तेवढ्यात गाडीमागून हाक आली. दोन शेतकरी हौद्यात वाकून बघत होते.

“बियानं संपलं व्हय, बाई? पिशवी कशी दिली?”

उंब्रजपासून पुढे सगळ्या वाटेवर आम्हाला बियाणंच मागितलं गेलं. मागणी प्रचंड होती. साहेबांचा अंदाज चुकला नव्हता, माल तेवढा चुकला होता.

पाटणकडे, आणि मग मिरजेला

पाटणच्या रस्त्याला लागलं की कोयनेकाठी डोंगर जवळ येतात आणि डोळ्यांना बरं वाटतं. भात नुकतं निघालेलं, खाचरं पिवळी पडलेली, वर आकाश धुतल्यासारखं. मल्होत्रा म्हणाले, हे तर हिमाचलच. दिल्लीच्या माणसाला जे आवडतं ते हिमाचल असतं. मी वाद घातला नाही.

तिथल्या एका गृहस्थांना गाडी मनापासून आवडली. त्यांनी हौद्याचं फळकूट खाली पाडलं, हाताने उंची बघितली आणि म्हणाले, “समदं झ्याक हाय. पर म्हस चढंल का?” मल्होत्रांनी परदेशात या गाडीच्या कितीतरी चाचण्या घेतल्या होत्या. म्हैस चढते का, हे कुणी बघितलं नव्हतं. गृहस्थ म्हणाले, बघू या की. म्हशीने हौद्याला एकदा नाक लावलं आणि ती शांतपणे गोठ्यात परत गेली. आमच्या पाहणीतलं सगळ्यात स्पष्ट मत तिचंच.

पाहुणे उपाशी कसे जातील, म्हणून त्यांनी जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी, वरण्याची उसळ, आणि ताटाच्या कडेला हिरव्या मिरचीचा खर्डा. मी “थोडा, थोडा” म्हणेपर्यंत मल्होत्रांनी तो कोथिंबिरीची चटणी समजून भाकरीच्या घडीत भरला होता. दिल्लीचा माणूस अभिमानी. त्यांनी तो घास गिळला, डोळे पुसले आणि यजमानांचा मान राखायला दुसरा घेतला.

सांगली येईपर्यंत ते पोट धरून वाकले होते. मिरजेला माणूस दोनच गोष्टींसाठी जातो, रेल्वे बदलायला किंवा डॉक्टर बदलायला. आम्ही दुसऱ्यासाठी गेलो. डॉक्टर हसले, सलाईन लावलं आणि दोन दिवस मुक्काम सांगितला.

वॉर्डात नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती, सुरेखा. विशीची, सावळी, हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ. दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी उभी राहून हसत होती. खाली आवारात आमच्या गाडीभोवती पेशंटांचे नातेवाईक बियाण्यासाठी जमले होते.

“ताई, गाडी हायब्रीडची आहे, का गाडीच हायब्रीड आहे?” तिने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. मोठी गाडी घेऊ इच्छिणारा एकही माणूस अजून भेटला नाही, हेही सांगितलं.

“आमचे बाबा घेणार आहेत,” ती म्हणाली.

माझा चेहरा उजळला असणार, कारण ती पुन्हा हसली, पण वेगळं हसली. मग सलाईनच्या नळीकडे बघत तिने ते सांगून टाकलं. तिचे बाबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडच्यांना जीप हवी होती. ती घ्यायला बाबा विहिरीवरचा मळा विकायला काढणार होते, घरातली एकुलती एक पाण्याखालची जमीन. रविवारी सुपारी फुटायची होती. आणि लग्नानंतर नर्सिंग बंद, घरची सून लोकांची दुखणी काढत नाही, असं सासऱ्याने बजावलं होतं. तिचं शेवटचं वर्ष होतं.

“तू नको म्हणाली नाहीस?”

“म्हणाले. बाबा म्हणतात, सुभेदाराचा शब्द गेला तर काय राहिलं? तोडायचं तर मुलाकडच्यांनी तोडावं.” तिने नळीची चकती किंचित फिरवली. “सासरे लई खानदानी आहेत, ताई. बघायला आले तेव्हा पहिला घास घ्यायच्या आधी विचारलं, भाकरी शाळूची आहे का हायब्रीडची. म्हणाले, आमच्यात हायब्रीड दारातनं आत येत नाही.”

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्याच वेळी डोक्यातला दुसरा कोपरा म्हणत होता की साहेब उगाच ऊस मोजत बसलेत. या भागात मोठ्या गाड्या किती खपतील हे कळायला उपवर मुली मोजायला हव्यात. असा विचार मला सुचला, याची मला लाज वाटली.

“रविवारी सकाळी आमच्या गावात याल?” तिने विचारलं. “गाडी आमच्या दारात लावा. बाबांना बघता येईल. जेवायला आमच्याकडंच.”

दोन जिल्ह्यांत भेटलेलं पहिलं गिऱ्हाईक. मी हो म्हटलं.

मिरजेच्या पुढे

गावाचं नाव सांगत नाही. कर्नाटक तिथून इतकं जवळ की चावडीवरचे दोघे मराठीत भांडण सुरू करतात आणि कन्नडमध्ये मिटवतात. काळी रानं, त्यात हातभर वाढलेला शाळू, मध्येच द्राक्षांचे मांडव. सुभेदारांचं घर रस्त्यालाच होतं. दारात सारवण, आत बायकांची लगबग, मांडवाखाली सतरंज्या. सुरेखाने स्वतः पुढे होऊन गाडी दाराच्या बरोबर समोर लावून घेतली, कणीस रस्त्याकडे करून.

सुभेदार ताठ कण्याचे, मिशा कातरलेल्या. त्यांनी मल्होत्रांशी फौजेतल्या हिंदीत बोलायला सुरुवात केली आणि मल्होत्रांच्या चेहऱ्यावर त्या खर्ड्यानंतर पहिल्यांदा सुख दिसलं. दोघे बॉनेट उघडून इंजिनात डोकं घालून उभे राहिले. सुभेदारांच्या मनात मळा होता की इंजिन, ते पाठमोरं कळेना.

मग मुलाकडचे आले. जीप मागणारी मंडळी वडापच्या जीपमधून आली. पुरुष, बायका, एक भटजी आणि टपावर नारळाचं पोतं. वडापवाला त्यांना उतरवून पुढच्या फेरीला निघूनही गेला. वरबापाला सगळे आप्पा म्हणत. कडक इस्त्रीची पांढरी टोपी, त्याहून कडक मान. नवरामुलगा उतरला तो सरळ गाडीकडे बघत राहिला. नवरीकडे त्याने त्या दिवशी एकदाही बघितलं नाही.

आप्पांनी गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली. टायरला पायाने टोचून बघितलं. हौद्यात डोकावले. चेहरा खुलत गेला.

“सुभेदार, आजच आनली व्हय? लय मोठी बघितलीसा.”

सुभेदार गोंधळून काही बोलणार, तेवढ्यात आप्पा दारापाशी आले आणि त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं. “हा... य... ब्री... ड.” मग त्यांनी कणीस बघितलं.

“ह्ये काय म्हनायचं?”

मल्होत्रांना फक्त तो एक शब्द कळला. इतक्या दिवसांत कुणीतरी आपणहून विचारलं होतं. ते धावत पुढे गेले. “हाँ जी, हाइब्रिड! आधी ऐसी, आधी वैसी!” आणि समजावं म्हणून त्यांनी हाताने गाडी मधोमध कापून दाखवली.

“आर्धी?” आप्पांचा आवाज चढला. “आमास्नी आर्धी गाडी?”

मी मध्ये पडले. पडायला नको होतं. “आप्पा, ही द्यायची गाडी नाही हो. ही नुसती दाखवायची आहे.”

“आस्सं! दाखवायची येक आन द्यायची दुसरीच व्हय?”

वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. सुभेदार हात जोडून पुढे झाले. “आवं आप्पा, ह्या कंपनीच्या बाई हायत. आपली जीप येगळी. म्या शब्द दिलाय तसली जीप ईल. बसा की, चा घ्या.” तो ताठ माणूस इतका वाकलेला मला बघवेना. मी सुरेखाकडे बघितलं. ती चौकटीला धरून उभी होती.

पण आप्पांना आता चारचौघांत मागे येता येत नव्हतं. “नगं आमाला तुमचा चा. आमच्यात समदं आस्सल आस्तं. तुमची गाडी हायब्रीड, उद्या भाकरी हायब्रीड. पोरगीबी तसलीच आसंल, दवाखान्यात धा जनांची दुखनी काढून आलेली.”

सुभेदारांचे जोडलेले हात हळूहळू सुटले. पाठ सरळ झाली. ते ओरडले नाहीत.

“आप्पा, सुपारी आनलीय न्हवं?”

“आनलीय की.”

“खिशातच ऱ्हाऊ द्या. माज्या पोरीला जेनं हायब्रीड म्हटलं, तेच्या दारात ती जानार न्हाई. जीपबी जानार न्हाई. पानी प्या आन निगा.”

निघा म्हणणं सोपं होतं. वडाप दुपारशिवाय परत यायची नव्हती, आणि एसटी त्याच्याही नंतर. रागावून उठलेलं वऱ्हाड रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहिलं. रागाला सावली लागते, ती समोरच्या मांडवात होती आणि तिथे बसायची सोय आता उरली नव्हती. मल्होत्रांना काय घडलं ते समजलंच नव्हतं. पाहुण्यांना गाडी मिळत नाही एवढंच त्यांना दिसलं, आणि त्यांनी मोठ्या मनाने हौद्याचं फळकूट खाली पाडलं. बायका केबिनमध्ये बसल्या. बाकीचे मुकाट्याने हौद्यात चढले. सगळ्यात शेवटी टोपी सांभाळत आप्पा चढले. म्हशीने नाकारलेल्या जागेत ते मांडी घालून बसले आणि दारावरचं कणीस मिरवत हायब्रीड मिरजेकडे निघाली.

गाडीत किती माणसं बसतात, या उंब्रजच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी मिळालं. सगळी बसतात.

मी आत स्वयंपाकघरात गेले. सुरेखाची आई चुलीकडे तोंड करून डोळे पुसत होती. सुरेखा परातीपुढे बसली होती, पीठ तसंच.

“तू मुद्दाम बोलावलंस आम्हाला,” मी म्हणाले.

“व्हय.” मिरजेची भाषा गळून पडली होती. “खिडकीतनं त्यो शबूद वाचला आन मनात आलं, ह्यो बघून आप्पा बिथरंल. बिथरला तर त्योच मोडंल. बाबांचा शब्द बाबांकडंच ऱ्हाईल.” मग तिचा आवाज फुटला. “मलाच हायब्रीड म्हनंल, येवढं म्या धरलं न्हवतं, ताई. आन बाबांनी हात जोडल्यालं बघितलं, तवा वाटलं, कशाला क्येलं म्या ह्ये.”

मी तिच्याजवळ बसले. पीठ पुढे ओढलं आणि एक भाकरी थापली. ती इतकी वाकडी झाली की आई रडता रडता हसली. मग सुरेखाही हसली, आणि मग दोघी पुन्हा रडल्या.

मल्होत्रा परत आले ते खुशीत. वाटेत माणसं एक शब्द बोलली नाहीत, म्हणजे गाडी आवाज करत नाही हे त्यांना पटलं, असा त्यांचा निष्कर्ष. आम्ही वऱ्हाडासाठी केलेलं जेवण जेवलो. सुभेदार आमच्या पंगतीला बसले. सुरेखाने त्यांच्या ताटात भाकरी वाढली, ती त्यांनी मोडली आणि तिच्याकडे न बघता विचारलं, “परीक्षा कवा हाय गं?”

“उन्हाळ्यात, बाबा.”

“मग हितं काय करतीस? उंद्याच्या गाडीनं जा मिरजंला.”

निघताना मला साहेब आठवले. इतक्या लांब येऊन, इतकं जेवून, विचारायचं तेच राहून गेलं होतं. नोकरी ती नोकरी. मी गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि जमेल तेवढ्या गंभीरपणे विचारलं, “सुभेदारसाहेब, पुढच्या एक-दोन वर्षांत मोठी गाडी घ्यायचा काही विचार?”

त्यांनी दारावरचा शब्द वाचला. मिशीतल्या मिशीत काहीतरी हललं. तेवढ्यात मांडवातला बल्ब भर दुपारी फक्कन पेटला. सुभेदारांनी लगबगीने पायात चपला सरकवल्या आणि खांद्यावर टॉवेल टाकला.

“व्हता की, ताई. सकाळपतूर व्हता,” ते म्हणाले. “येतो आता. लाईट आलीया, मळ्याला पानी सोडायचं हाय.”